लाल रंगाखालची मॉडेल टी : दालन क्रमांक दोनच्या प्रकल्प नोंदी

२ जून

आमच्या मोटारींच्या संग्रहालयातल्या दालन क्रमांक दोनचं काम आजपासून. सहा गाड्या, सगळ्यांच्या पाट्या नव्याने लिहायच्या, दालनाच्या तोंडाशी इतिहासाचा एक मोठा फलक, आणि उघडण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी. मजकूर आणि नोंदी माझ्याकडे, गाड्यांना हात लावायचं काम मिस्त्रींचं, शेवटचा निर्णय संग्रहपाल मॅडमचा.

जुन्या पाट्या उतरवून टेबलावर ओळीने मांडल्या. सगळ्यांचा साचा एकच : नाव, साल, अश्वशक्ती, कमाल वेग. हे आकडे त्या मॉडेलच्या कुठल्याही गाडीला लागू पडतात. समोर उभी असलेली गाडी कशातून गेली, तिच्यात मूळचं किती आणि नंतरचं किती, याचा एका पाटीवर शब्द नाही.

सगळ्यात खटकली ती फोर्ड मॉडेल टीची पाटी. “१९१४. मूळ स्थितीत.” गाडी लालभडक आहे. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डच्या कारखान्यातून मॉडेल टी फक्त काळ्या रंगात बाहेर पडत होती. त्याआधी राखाडी, हिरव्या, निळ्या, लाल रंगातही यायची. म्हणजे एक तर साल चुकलंय, नाही तर “मूळ स्थितीत” हे शब्द.

९ जून

बेंझच्या तीनचाकीपासून सुरुवात केली. आमच्याकडे आहे ती प्रतिकृती. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, आणि हे मला अजिबात मान्य नाही. लोक तिच्यासमोर उभे राहून “जगातली पहिली मोटार” म्हणत फोटो काढतात. खरी गाडी १९०६ पासून म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. कार्ल बेंझ यांनी पेटंटचा अर्ज केला २९ जानेवारी १८८६ रोजी, पेटंट क्रमांक ३७४३५. एकच सिलिंडर, ९५४ घन सेंटिमीटर, मिनिटाला साधारण ४०० फेरे आणि ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती.

प्रतिकृती असली तरी यंत्रणा तीच, त्यामुळे दाखवण्यासारखं खूप आहे. मागच्या बाजूला वाकून पाहिलं की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनची गती एकसारखी ठेवणारं जड चाक, आडवं पडलेलं दिसतं, जात्याच्या तळीसारखं. उभं चाक जोरात फिरत असेल तर वळताना गाडी हट्ट करेल अशी बेंझना धास्ती होती, म्हणून ते आडवं बसवलं. ही एक गोष्ट बोट दाखवून सांगितली तरी प्रेक्षक खाली वाकतो. वाकला म्हणजे पाटीचं काम झालं.

जुन्या मजकुरात दुसरी चूक सापडली. बेर्टा बेंझ याच गाडीतून प्रवासाला निघाल्या असं लिहिलंय. ऑगस्ट १८८८ मध्ये त्या ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, शंभरावर किलोमीटर. पण ती गाडी तिसरं मॉडेल होती, इंजिन जास्त ताकदीचं. वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हा पेट्रोलसारखा द्रव विकत घेऊन टाकी भरली, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनिंग लावायची कल्पना तिथूनच आली असं मानलं जातं. ही हकिगत पाटीवर राहणारच, पण “या गाडीच्या पुढच्या आवृत्तीतून” असे शब्द घालून. आणि पहिल्याच ओळीत, नावाच्याच टाइपात : प्रतिकृती.

१७ जून

अख्खा दिवस मॉडेल टीजवळ गेला.

इंजिनचा क्रमांक १९१४ शी जुळतो. पितळी रेडिएटर आहे. पुढचे दिवे गॅसचे आहेत आणि पायरीवर कार्बाइडचं भांडं आहे : वरून पाणी ठिबकतं, कॅल्शियम कार्बाइडवर पडतं, अॅसिटिलीन तयार होऊन रबरी नळीने दिव्यांपर्यंत जातं. १९१५ पासून विजेचे दिवे आले. थोडक्यात साल बरोबर, रंग नंतरचा.

मिस्त्रींनी पायाशी बसून पेडलं पुसली आणि मला हाक मारली. तीन पेडलं, प्रत्येकावर ओतीव अक्षर : सी, आर, बी. क्लच, रिव्हर्स, ब्रेक. अॅक्सिलरेटर पायात नाहीच, तो स्टिअरिंगखाली उजव्या हाताला दांडी म्हणून आहे, आणि डाव्या हाताची दांडी ठिणगीची वेळ मागेपुढे करायची. डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, पूर्ण सोडलं की वरचा, मध्ये धरलं की न्यूट्रल. आजचा कसलेला ड्रायव्हरसुद्धा या सीटवर बसून गाडी दहा फूट नेऊ शकणार नाही. ‘सी’वरचं अक्षर बोटाला जेमतेम लागतं, ‘बी’वरचं अर्धं झिजलंय, ‘आर’ मात्र ठसठशीत. कुठल्या पेडलावर किती पाय पडला ते धातूवर असं उमटलंय. हे पाटीवर जायलाच हवं, शेजारी पेडलांचा मोठा फोटो लावून.

रिव्हर्सचा आणखी एक उपयोग होता. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, पंप नाही, इंधन केवळ उतारावरून इंजिनकडे वाहत येतं. टाकी अर्धीमुर्धी असताना खडा चढ लागला की इंजिन टाकीच्या वर जातं आणि उपाशी राहतं. अशा वेळी लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

ड्रायव्हरच्या बाजूला दार नाही. दाराची चौकट पत्र्यावर नुसती उठवलेली आहे, हुबेहूब, आणि प्रेक्षक तिथे हँडल शोधत राहतात. ड्रायव्हर डावीकडे बसायचा, पण चढायचा उजव्या दारातून. हे लिहून ठेवतोय कारण पुढे उपयोगी पडेल असं वाटतं : पुढच्या सीटवर बसणारा प्रत्येक माणूस त्या एकाच दारातून आत गेला असणार.

तेलाला गेज नाही. फ्लायव्हीलच्या घराला दोन तोट्या आहेत, एक वर, एक खाली. खाली वाकून त्या उघडायच्या : वरच्यातून तेल आलं तर भरपूर आहे, खालच्यातूनही आलं नाही तर गाडी हलवायची नाही.

२४ जून

मॅडमची परवानगी मिळाली, रंगाची तपासणी केली. जागा दोन. एक मागच्या सीटखाली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. दुसरी उजव्या पुढच्या दाराच्या वरच्या कडेला.

पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढी जागा गोल गोल घासायची, मध्यभागी जास्त, कडेला कमी. थर एकेक करून उघडत जातात आणि झाडाच्या खोडासारखी वलयं दिसू लागतात. सीटखाली : बाहेरून लाल, मग फिकट लाल, मग राखाडी प्रायमर, मग काळा, मग पत्रा. काळा थर पातळ आणि कडक, नखाने ओरखडा उठत नाही. कारखान्यात हा रंग पंपाने अंगावर ओतायचे किंवा सुटे भाग त्यात बुडवायचे आणि मग भट्टीत भाजायचे. स्वस्त आणि टिकाऊ, म्हणूनच तो निवडला होता. टिकाऊपणाचा दाखला आज आमच्या समोर होता.

दाराच्या कडेला वेगळंच निघालं. लाल, राखाडी, त्याखाली लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर, आणि लांबीखाली काळा रंग जवळपास नाहीच. पत्रा उघडा, गुळगुळीत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळा रंग हळूहळू दाट होत गेलेला. मिस्त्री म्हणाले, “अहो, हा गंज नाही, हा हात आहे.” चढता-उतरताना याच कडेला धरलं जात होतं. वर्षानुवर्षांच्या हातांनी काळा रंग पुसला गेला. पुढे कुणी तरी ती झीज खराबी समजून लांबीने भरली आणि वरून लाल रंग मारला.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. दीड बोट रुंदीचा तो पट्टा या गाडीतला सगळ्यात जुना लेख आहे.

१ जुलै

इतिहासाच्या फलकासाठी वाचन. गाड्यांचा इतिहास सगळेच लिहितात. गाड्यांची संग्रहालयं कशी झाली हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कुठली गाडी वाचली आणि कुठली भंगारात गेली हे शेवटी दोनचार माणसांच्या आवडीवर ठरलं.

तुरीन, इटली : १९३२ मध्ये चेझारे गोरिया गात्ती आणि रोबेर्तो बिस्कारेत्ती दि रुफिया या मोटारीच्या पहिल्या पिढीतल्या दोघांनी कल्पना मांडली. जमवण्याचं काम रोबेर्तोंचा मुलगा कार्लो याच्याकडे आलं. गाड्या वर्षानुवर्षं स्टेडियमच्या खाली पडून होत्या. स्वतंत्र इमारत १९६० मध्ये उघडली, आणि कार्लो त्याच्या आदल्या वर्षी वारले. संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं.

ब्यूली, इंग्लंड : १९५२ मध्ये एडवर्ड माँटेग्यू यांनी मोटारीचे पुरस्कर्ते असलेल्या वडिलांच्या आठवणीसाठी घराच्या दर्शनी दिवाणखान्यात मोजक्या जुन्या गाड्या मांडल्या. १९७२ मध्ये त्याचंच मोठं राष्ट्रीय संग्रहालय झालं.

मुलूझ, फ्रान्स : ही कथा वाचताना मी जेवायचं विसरलो. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ, लोकरीच्या गिरण्यांचे मालक. फ्रिट्झ यांना बुगाटी गाड्यांचं वेड. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून एकदम तीस बुगाटी आणल्या. गिरणीच्या आवारात, बंद दारांआड, शेकडो गाड्या दुरुस्त होत होत्या आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. दिव्यांचे खांबसुद्धा पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावरच्या खांबांसारखे घडवलेले. धंदा बसला, पगार थांबले, आणि मार्च १९७७ मध्ये कामगार आत शिरले तेव्हा समोर हा खजिना. त्यांनी तो ताब्यात घेऊन लोकांसाठी खुला केला. पुढे सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारशाचं संरक्षण दिलं, तो परदेशात विकता येईना, आणि १९८२ मध्ये रीतसर संग्रहालय उघडलं. जगात बुगाटी रॉयाल अवघ्या सहा उरल्या आहेत, त्यांतल्या दोन तिथे आहेत.

त्या गाड्यांकडे मला एका माणसाच्या वेडाचं फळ म्हणून बघता येत नाही. त्या घासूनपुसून उभ्या करणारे हात कामगारांचे होते. आमच्या लाल गाडीवर लांबी भरणारा हातही कुणाचा तरी होता, आणि त्याने आपल्या परीने तिला सुंदरच केलं. फलकावर संग्राहकांबरोबर कारागिरांचाही परिच्छेद घेणार.

१२ जुलै

फ्रान्सची सित्रोएन डीएस, १९६४. आज माझ्याकडून मोठी चूक होता होता राहिली.

गाडी जमिनीला टेकून बसलीय, डीएस उभी ठेवली की अशीच बसते. तिला स्प्रिंग नाहीत. प्रत्येक चाकावर धातूचा गोळा, त्याच्या वरच्या अर्ध्यात नायट्रोजन, खालच्यात द्रव, मध्ये पडदा. इंजिन सुरू झालं की पंप दाब तयार करतो आणि गाडी बसलेल्या उंटासारखी, आधी एक टोक मग दुसरं, उठते. ब्रेक, स्टिअरिंग, गिअर, सगळं त्याच दाबावर. ही व्यवस्था पॉल माजेस यांची, आकार फ्लामिनिओ बेर्तोनी यांचा, आणि ते मूळचे शिल्पकार. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी १२,००० च्या आसपास मागण्या नोंदवल्या गेल्या.

द्रव कमी आहे म्हणून मी सामानाच्या यादीत नुसतं “डीएसचं हायड्रॉलिक ऑइल” लिहिलं होतं. डबा आला तो हिरव्या द्रवाचा. मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सित्रोएनने हिरवा खनिज द्रव आणला, त्याआधीच्या गाड्यांना लाल द्रव. दोन्हींचे रबरी सील वेगवेगळ्या रबराचे. लाल यंत्रणेत हिरवा ओतला की सील फुगतात, आणि पंपापासून ब्रेकपर्यंत सगळं खोलावं लागतं. डबा परत पाठवला. टाकीच्या झाकणाला मी स्वतः लाल पट्टी बांधली आणि वहीत प्रत्येक गाडीसमोर द्रवाचा रंग लिहून काढला.

लाल द्रव हवेतला ओलावा ओढतो आणि आतून गंज चढवतो, म्हणून नुसतं भरून ठेवणंही बरोबर नाही. ठरलं : काढून, गाळून, नवा भरायचा आणि ठरावीक काळाने गाडी उठवायची.

२० जुलै

दालनाचा नकाशा बघताना जाणवलं की आमची गोष्ट पेट्रोलपासून सुरू होते आणि पेट्रोलवर संपते. हे खरं चित्र नाही. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या : वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलवरच्या ९३६. पेट्रोल तिसऱ्या क्रमांकावर! त्याच्या आदल्या वर्षी कामीय जेनात्झी यांनी ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला तो विजेच्या गाडीतून.

मग पारडं फिरलं कसं? बऱ्याच कारणांपैकी एक दालनातच दाखवता येतं. आमच्या मॉडेल टीला पुढून हँडल मारावं लागतं. ठिणगीची दांडी मागे घ्यायची विसरलात की हँडल उलटं झटका देतं आणि मनगट मोडतं, म्हणून अंगठा मुठीबाहेर ठेवायची शिस्त होती. विजेच्या गाडीला ही भानगडच नव्हती. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि विजेच्या गाडीचा तो मोठा फायदा गेला. गंमत ही की विजेच्याच मोटरने विजेच्या गाडीला मागे टाकलं.

विजेची गाडी आमच्याकडे नाही. तिच्यासाठी फलकाशेजारी एका गाडीची मोकळी जागा जमिनीवर आखून ठेवायची सूचना केली. मॅडमनी मान्य केली.

३ ऑगस्ट

बैठक. विषय एकच : लाल रंग काढायचा का?

बाजू दोन होत्या आणि दोन्ही प्रामाणिक. एक म्हणणं असं की १९१४ ची मॉडेल टी काळी होती, लाल दाखवणं म्हणजे लोकांची दिशाभूल, सगळं खरवडून नवा काळा मारा. मी याविरुद्ध बोललो. खरवडताना लालबरोबर लांबी जाईल, लांबीबरोबर उरलेला मूळ काळाही जाईल, आणि वर येईल तो आजचा काळा. मग गाडी १९१४ चीही राहणार नाही आणि तिच्या नंतरच्या मालकांचीही.

मिस्त्री क्वचितच बैठकीत बोलतात. आज म्हणाले, “नवी करायला मला पंधरा दिवस लागतील. जुनी करायला मला येत नाही.”

आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांच्या महासंघाची २०१२ ची तुरीन सनद मी सोबत नेली होती. हस्तक्षेप गरजेपुरता असावा, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद राहावी, आणि दुरुस्त केलेली गाडी नव्यासारखीच दिसायला हवी असं नाही, हा तिचा रोख. निर्णय झाला : लाल राहील. उजव्या दाराच्या कडेला वीतभर लांब खिडकी उघडायची, हातांनी झिजलेला काळा रंग दिसेल अशी, आणि वर फक्त मेण.

१८ ऑगस्ट

बाकीच्या गाड्यांच्या पाट्या झाल्या. ऑस्टिन सेव्हन, इंग्लंडची छोटी गाडी : १९२२ ते १९३९, ७४७ घन सेंटिमीटर, आणि बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ही परवान्याने बनवलेली ऑस्टिन सेव्हनच. मिनी, १९५९ : अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच तेलात खाली घातला, दहा इंची चाकं लावली. फोक्सवॅगनची बीटल मॉडेल टीच्या समोर उभी करतोय, कारण १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १५,००७,०३४ वी बीटल बाहेर पडली आणि मॉडेल टीच्या एकूण उत्पादनाचा आकडा एकाने मागे पडला.

आणखी काही कामं : सगळ्या गाड्या घोड्यांवर, म्हणजे चाकं अधांतरी ठेवणाऱ्या आधारांवर, घेतल्या, टायर एकाच जागी दबून चपटे होतात म्हणून. पेट्रोल काढलं, पडून राहिलं की त्याचा चिकट डिंक होतो. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे हवेच्या झोताने धूळ उडवायला सक्त मनाई, तशी सूचना वर्कशॉपच्या दारावर लावली. चामड्याच्या सीटांवरचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत आणला. पितळेला चकाकी आणणंही बंद. प्रत्येक पॉलिशला थोडं पितळ जातं, आणि रेडिएटरवरची ओतीव अक्षरं आधीच बोथट झालीत.

३० ऑगस्ट

मॉडेल टी चालवायची नाही हे नक्की झालं. चालवली तर भाग झिजतात, बदलावे लागतात, आणि हळूहळू गाडीतली गाडीच निघून जाते. पण मुकी ठेवणंही जिवावर येत होतं. मिस्त्रींनी मार्ग काढला. डॅशबोर्डवरच्या लाकडी पेटीतल्या, ठिणगी तयार करणाऱ्या चार कॉइल काढून जपून ठेवल्या, आणि सुट्या भागांतून मिळालेली पाचवी कॉइल काचेच्या पेटीत बॅटरीला जोडली. बटण दाबलं की ती गुणगुणते, भुंगा डबीत सापडावा तशी, आणि निळी ठिणगी उडते.

१९१४ मध्ये प्रत्येक रस्त्यावर हाच आवाज होता. दालनातल्या सुताराने काम थांबवून तो तीनदा ऐकला.

९ सप्टेंबर

खिडकी उघडून झाली. मिस्त्रींनी पाच दिवस घेतले. लाल कड एकदम तुटल्यासारखी न ठेवता तिरपी घासली, त्यामुळे लाल, राखाडी, लांबी, काळा आणि पत्रा असे सगळे थर एका नजरेत दिसतात. दिवा खालून तिरका लावला, सरळ लावल्यावर झीज दिसत नव्हती.

पाटीचा अंतिम मजकूर :

“फोर्ड मॉडेल टी, १९१४. कारखान्यातून काळी आली. नंतरच्या मालकाने लाल केली. ड्रायव्हरच्या बाजूला दार नाही, त्यामुळे पुढे बसणारा प्रत्येकजण या दारातून चढला. कडेचा काळा रंग त्यांच्या हातांनी गेला आहे. कृपया आपला हात लावू नये.”

मॅडमनी शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात घ्यायला सांगितलं.

राहिलेली कामं : डीएसच्या मागच्या डाव्या चाकाचा गोळा बदलायचा, आणि मॉडेल टीचं मागचं एक टायर. पुढची चाकं तीस बाय तीनची, मागची तीस बाय साडेतीनची. हाती आलेलं टायर पुढचं निघालं.